लेखनिकाला काय मिळते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १९८५ साली ठरवला आणि २०२६ हे तर सबंध वर्षच स्वयंसेवकांच्या नावे केले आहे. या निमित्ताने येणाऱ्या लेखांत ‘त्याग’ आणि ‘निःस्वार्थ’ हे शब्द हटकून असतात. ते मला खटकतात. गेली सहा वर्षे मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून परीक्षेला बसते. या कामात माझे काही गेले, असे मला एकदाही वाटलेले नाही.

माझे शिक्षण शाळेपुरतेच झाले. त्याची खंत आयुष्यभर होती. पण अनेक परीक्षांत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा असा नियम असतो, कारण त्याने उत्तरात आपली भर घालू नये. म्हणजे जे माझे उणे होते, तेच इथे पात्रता ठरले. आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका मुलीच्या पदवीचे सगळे पेपर मी लिहिले. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. ज्या वर्गात मला कधी बसता आले नाही, तिथले सगळे तिच्या तोंडून माझ्या कानावर पडले.

काम वरकरणी सोपे दिसते. प्रश्न वाचून दाखवायचा आणि ती सांगेल ते जसेच्या तसे उतरवायचे. पहिल्याच पेपरला तिने एका उत्तरात साल चुकीचे सांगितले. योगायोगाने बरोबर साल मला माहीत होते. माझे पेन क्षणभर थबकले. तिने लगेच विचारले, “काकू, का थांबलात?” कागदावर पेन चालल्याचा आवाज ती ऐकत होती! मी काही न बोलता तिने सांगितले तेच लिहिले. शेवटी उत्तरे पुन्हा वाचून घेताना तिने ते साल स्वतःहून बदलले. माझ्या थबकण्यानेच तिला सुगावा लागला असेल का, हा प्रश्न मला आजही छळतो. तेव्हापासून कितीही चुकीचे उत्तर कानावर आले तरी हात थांबू द्यायचा नाही, हे मी कटाक्षाने पाळते. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेणे मी या खोलीत शिकले. त्याचा फायदा माझ्या घरच्यांनाही झाला, असे तेच म्हणतात.

परीक्षा नसतात तेव्हा मी एका शाळकरी मुलाला पुस्तके वाचून दाखवते. एकदा पानाच्या शिरांची आकृती आली. ती शब्दांत सांगता सांगता माझी पुरती दमछाक झाली. शेवटी बाहेर जाऊन एक पान आणले आणि त्याच्या हातात ठेवले. त्याने ते उलटसुलट चाचपले आणि म्हणाला, “शिरा मागच्या बाजूला जास्त लागतात हाताला.” मी जन्मभर पाने पाहत आले, पण हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

अमेरिकेत बाल्टिमोरला साठी ओलांडलेली माणसे आठवड्याला सुमारे १५ तास प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना वाचायला मदत करत. दोन वर्षांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली. तेव्हा पुरुष स्वयंसेवकांमध्ये स्मरणाशी निगडित भाग वयानुसार घटण्याऐवजी किंचित वाढलेला दिसला. मला याचे नवल वाटले नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आपली कोणीतरी वाट पाहते आहे, एवढ्यानेच माणूस ताठ चालू लागतो. मात्र हे एखाद्या दिवसाच्या हजेरीने होत नाही, नेम लागतो.

माझी विनंती एवढीच आहे. सत्काराच्या बातम्या जरूर छापा, पण परीक्षांच्या तोंडावर लेखनिकांची निकड किती असते, हेही छापा. सुवाच्य अक्षर, स्पष्ट वाचन आणि ऐन पेपरच्या सकाळी दगा न देणे, एवढेच लागते. शेवटच्या क्षणी लेखनिक आला नाही, तर विद्यार्थ्याची वर्षभराची मेहनत दाराशीच अडते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ती मुलगी आता पदव्युत्तर परीक्षेला बसते आहे. सोमवारी पहिला पेपर आहे. पेने भरून ठेवली आहेत.

आपली,
एक नियमित वाचक