दहा पावलांवरचं टेबल

चोडण, गोवा
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाबू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू जे बोललास, त्याला तिथल्या तिथे उत्तर देणं मला जमलं नाही. फेरीबोट रायबंदरच्या धक्क्याला लागत होती, मागच्या स्कूटर सुरू झाल्या होत्या, आणि तू सांगत होतास की तुझ्या हाताखालच्या नव्या मुलाला एक मेल पाठवल्यापासून तो तुझ्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलत नाही. "मी काही वाईट लिहिलं नव्हतं रे," असं तू दोनदा म्हणालास. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आज सुट्टी आहे, पाऊस आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलोय.

आधी माझं स्वतःचं साठलेलं ओततो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा होईन.

सकाळी फेरीत उभ्याउभ्या मी मोबाइलवर मेल बघतो. पणजीत पाटोला ऑफिसात पोचेपर्यंत काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज यावा, एवढाच हेतू. पण अंदाज येणार कसा? निम्म्या मेलचा विषय 'अर्जंट' आणि उरलेल्यांचा 'डॉक्युमेंट्स'. कुठल्या मालाची, कोणाची, कधीपर्यंत हवीत, काही नाही. काहीजण तर नवीन मेल लिहीतच नाहीत. हाताला लागेल तो जुना मेल उघडायचा आणि त्यालाच रिप्लाय करायचा. मार्चमधल्या ट्रकभाड्याच्या मेलखाली ऑगस्टमधल्या औषधांच्या कंटेनरची बातमी. चार दिवसांनी ती शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई. याच सवयीनं पुढे माझ्या हातून काय झालं ते सांगतोच.

विषय लिहिण्यावरून मला तुझी आजी आठवते. तिला अक्षर येत नव्हतं. पोस्टमन वाड्यावर आला की ती सोप्यावरून उठून पुढे यायची, कार्ड हातात घ्यायची आणि आधी त्याचे चार कोपरे बघायची. कोपरा फाडलेला असला की वाचून दाखवायला कोणी यायच्या आधीच ती मटकन खाली बसायची. वर कुंकवाचं बोट दिसलं तर हसून आपल्याला हाक मारायची, 'वाचा रे पोरांनो, कोणाचं लग्न ठरलं ते.' कार्ड लिहिणाऱ्यानं तिची अडचण ओळखून मजकुराचा रंग आधीच वर आणून ठेवलेला असायचा. आज माणसं शिकलेली आहेत, सगळी यंत्रं हाताशी आहेत, आणि विषयाच्या ओळीत चार शब्द धड लिहायला कोणाला फुरसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकीच्या गोष्टी तुझ्याही रोजच्याच असतील. 'सोबत जोडले आहे' असं लिहिलेलं असतं आणि सोबत काहीच नसतं. इनव्हॉइसचा फोटो आडवा, त्यावर पंख्याची सावली, आणि तो एकच फोटो दहा एमबीचा. जीमेलमध्ये सगळं मिळून २५ एमबीच्या वर फाइल जोडता येत नाही, म्हणून तिसऱ्या फोटोला गाडी अडते. बाई असो की बुवा, सरसकट 'डिअर सर'. रात्री पावणेबाराला मेल, आणि सकाळी नऊ वाजता 'जेंटल रिमाइंडर'.

एक मात्र खास आपल्या गोव्याचं. आमच्याकडे नाईक तीन आहेत आणि फर्नांडिस दोन. पत्त्याच्या रकान्यात पहिली दोन अक्षरं टाकली की कॉम्प्युटर आपल्या मनानं एक नाईक पुढे करतो, आणि माणसं न बघता पाठवून मोकळी होतात. गेल्या वर्षी एका नाईकाची पगाराची स्लिप दुसऱ्या नाईकाकडे गेली. मेल परत बोलावायची सोय आउटलुकमध्ये असते खरी, पण ती एकाच कंपनीच्या व्यवस्थेत आणि तीही सगळं जुळून आलं तरच चालते. बाहेर गेलेला मेल परत येत नाही. उलट समोरच्याला कळतं की याला काहीतरी परत हवंय, आणि तो तो मेल मुद्दाम उघडून बघतो. जीमेलमध्ये पाठवलेलं रद्द करायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. त्या स्लिपमुळे दोन चांगली माणसं महिनाभर एकमेकांची नजर चुकवत होती. कोणी काही बोललं नाही, पण एकाला दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता कळला होता.

'रिप्लाय ऑल'बद्दल फार लिहीत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून आठ लाखांहून जास्त लोकांना गेला. 'मला या यादीतून काढा' असं लोकांनी सगळ्यांनाच उलट कळवलं, आणि त्या उत्तरांच्या लोंढ्यानं यंत्रणा तुंबली. आमच्याकडे वाढदिवसाला तेच होतं, फक्त लहान प्रमाणात.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

बाबू, आपण ऑफिसात बोलतो कोंकणी, घरी पेपर वाचतो मराठी, आणि मेल लिहितो इंग्रजीत. मला वाटतं निम्मं दुखणं इथे आहे. चहाच्या टपरीवर 'ताई, मातशें पळय गो', म्हणजे 'जरा बघ गं', म्हणणारा माणूस कीबोर्डसमोर बसला की 'काइंडली एक्सप्लेन द डिले' लिहितो. तो काही रागावलेला नसतो. त्याच्याकडे इंग्रजीतली तेवढीच तयार वाक्यं असतात, कुठल्यातरी जुन्या साहेबाच्या मेलमधून उचललेली. 'ॲज पर माय अर्लियर मेल', 'डू द नीडफुल'. आपल्या भाषेत 'जरा', 'तेवढं', 'बघशील का', 'रे', 'गो' हे शब्द बोलण्याची धार काढून घेतात. इंग्रजीतही तशी सोय असणारच, पण ती आपल्याला कोणी शिकवली नाही. शाळेत आपल्याला मायना शिकवला होता. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, अनोळखी माणसाला 'सा. न. वि. वि.', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. समोर कोण बसलंय हे ठरवल्याशिवाय पहिला शब्दच लिहिता यायचा नाही. मेलमध्ये नेमकं तेच ठरवायचं राहून जातं.

आणि ती 'सीसी'. कार्बन कॉपी. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या जुन्या टायपिस्टबाई निवृत्त व्हायच्या होत्या. कागद, काळा कार्बन, कागद, पुन्हा कार्बन, अशी चळत त्या रोलरमध्ये घालायच्या आणि बोटांत जोर आणून टाइप करायच्या. खालची प्रत फिकी यायची. एक अक्षर चुकलं तर प्रत्येक प्रतीवर खोडावं लागायचं. त्यामुळे 'प्रत कोणाकोणाला?' हा प्रश्न त्या साहेबांना दोनदा विचारायच्या, आणि साहेबही विचार करून नावं सांगायचे. कोणाला नकळत प्रत द्यायची असेल तर मूळ कागद बाजूला काढून त्याचं नाव फक्त कार्बनच्या प्रतीवर उमटवायच्या, तीच आजची 'बीसीसी'. आता त्याला कष्टही नाहीत आणि खर्चही नाही. एक नाव जास्त टाकलं की मोठे साहेब आपल्या पाठीशी येऊन उभे राहतात, आणि समोरचा एकटा पडतो.

हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. मी केलंय.

आमच्या अकाउंट्समधली ताई तुला ठाऊक आहे. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय. याच महिन्याची १० तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख होती, सीएचे फोन येत होते, आणि ताईकडून यायची इनव्हॉइसची यादी मला सापडत नव्हती. सकाळीच तिनं मला घरच्या पातोळ्या दिल्या होत्या. मी त्या जागेवर बसून खाल्ल्या. हळदीचं पान टेबलावरच होतं आणि बोटांना त्याचा वास येत होता. त्याच बोटांनी चार वाजून दहा मिनिटांनी मी तिला मेल लिहिला. 'काइंडली एक्सप्लेन द डिले.' आणि सीसीमध्ये आमचे साहेब आणि मुंबईचे मोठे साहेब.

तिचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर आहे.

तिनं मेल उघडलेला मला दिसला. ती थोडा वेळ तशीच बसली, मग खुर्ची मागे सारली, स्टीलची बाटली उचलली आणि पाणी भरायला गेली. बाटली भरलेलीच होती. परत आल्यावर तिनं एक ओळ पाठवली. 'सेंट ऑन फ्रायडे. अटॅच्ड अगेन.' ना नाव, ना नमस्कार. यादी खरोखरच शुक्रवारी आलेली होती. मीच एका जुन्या ट्रकभाड्याच्या मेलवर रिप्लाय करून तिच्याकडे मागितली होती, तिनं तिथेच उत्तर दिलं, आणि ते त्या मार्चच्या ढिगाऱ्यात माझ्या नजरेतून सुटलं. तेवढ्यात मुंबईहून साहेबांचं उत्तर आलं, 'प्लीज लुक इनटू धिस', म्हणजे चूक तिची असं धरूनच. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी ती दुसऱ्या टेबलावर बसली.

तीन दिवस मी तिला चांगला मेल कसा लिहावा याचा विचार करत होतो. चौथ्या दिवशी उठलो आणि तिच्यापाशी गेलो. चूक माझी, म्हटलं. तिनं मान वर न करता कागद सारखे केले आणि "हांगा उठून येवंक जाय आशिल्लें रे," इथे उठून यायला हवं होतंस, एवढंच म्हणाली. त्यात राग कमी होता, आणि तेच मला जास्त लागलं. मग जागेवर येऊन मी त्याच मेलवर, त्याच सगळ्या माणसांना सीसीत ठेवून लिहिलं की यादी शुक्रवारीच आली होती आणि न बघता विचारलं ते मी. ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे असं मला आता पक्कं वाटतं. चार माणसांदेखत बोललेलं कानात येऊन मागे घेता येत नाही.

नंतर मी थोडं शोधून वाचलं. पहिला नेटवर्कवरचा मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पाठवला, ते @ चिन्हही त्यांनीच निवडलेलं. आणि १९९५ च्या ऑक्टोबरात इंटरनेटच्या जाणकारांनी 'आरएफसी १८५५' नावाचं एक टिपण काढलं, मेल कसा लिहावा याचं. त्यात अगदी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभतील अशा गोष्टी आहेत. सगळी अक्षरं कॅपिटल लिहिलीत तर ओरडल्यासारखं वाटतं. शंभर ओळींच्या वर मजकूर गेला तर तो लांब आहे हे विषयातच सांगा. वाचणारा माणूस आहे, त्याची भाषा आणि रीत वेगळी असू शकते. आणि मन तापलेलं असेल तर उत्तर एक रात्र थांबून पाठवा. म्हणजे मेल घरोघरी पोचायच्या आधीच हे कोणीतरी शहाणपणानं लिहून ठेवलं होतं.

त्यातलं एक रात्र थांबणं मी आता पाळतो. माझी रात्र म्हणजे फेरी. राग आणणारा मेल आला की उत्तर लिहायचं, पण पत्त्याचा रकाना मोकळा ठेवायचा. संध्याकाळी फेरीत उभं राहून ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघायचं. मांडवीचं पाणी ओलांडेपर्यंत त्यातली दोन वाक्यं नकोशी झालेली असतात. दुसऱ्या दिवशी जे उरतं ते बहुतेक वेळा टेबलापाशी जाऊनच सांगण्यासारखं असतं.

आता तुझं. त्या मुलाला लिहिलेल्या मेलमध्ये तुझ्या वरच्या साहेबांना सीसी होती का? फोनवर मला हेच विचारायचं होतं. असेल, तर तू कितीही मऊ शब्द वापरले असलेस तरी त्यानं शब्द वाचलेच नसतील, ते नाव वाचलं असेल. नवीन नोकरी, नवं शहर, आणि पहिल्याच चुकीला वरच्याला साक्षीला ठेवलेलं. त्याच्या जागी आपण दोघं बावीस वर्षांचे होतो तेव्हा काय वाटलं असतं, आठवून बघ. मी काही तुला दोष देत नाही. पण समजावणारा दुसरा मेल त्याला धाडू नकोस. उद्या चहाच्या आधी उठ, त्याच्यापाशी जा, मराठीत बोल. आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं, तर साहेबांना ठेवून त्याच मेलवर तसं लिहून टाक.

ताई गुरुवारी पुन्हा आमच्या टेबलावर आली. डबा उघडला, फणसाची भाजी होती, थोडी माझ्या झाकणात वाढली. त्या मेलबद्दल अवाक्षर काढलं नाही, मीही नाही.

चवथ, आपली गणेश चतुर्थी, पंधरा दिवसांवर आली. आईनं गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी काढून ठेवलीय आणि बाजाराला तुझ्याशिवाय जायचं नाही असं बजावलंय. येशील तेव्हा त्या मुलाचं काय झालं ते सांग.

तुझा,
दादू