हवेतले अंतर आणि जमिनीवरचा वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो, असे कोणी विचारले की ‘सव्वा तास’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. मात्र गोव्यातल्या कोणत्या विमानतळावरून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने सुटू लागली आणि तेव्हापासून मुरगाव तालुक्यातला दाबोळी व पेडणे तालुक्यातला मोपा असे दोन विमानतळ आपल्या एवढ्याशा राज्यात चालू आहेत. सरळ रेषेत मुंबई दाबोळीपासून सुमारे ४२५ किलोमीटर, तर मोपापासून सुमारे ३८५ किलोमीटर भरते. ताशी सातआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हा फरक जेमतेम तीन मिनिटांचा. शिवाय वेळापत्रकातल्या सव्वा तासात विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईला जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत ते तासभरही नसते. त्यामुळे दोन्हीकडच्या विमानांची छापील वेळ जवळपास सारखीच दिसते आणि आपली गफलत होते ती इथेच.

माझीही झाली. चवथीच्या आदल्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या पुतण्याला आणायला मी मडगावहून दाबोळीला गेलो. डिकीत बाजारातून घेतलेले माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचे, सामान होते. विमान वेळेवर उतरले, त्याचा फोनही आला, ‘काका, मी बाहेर उभा आहे, तुम्ही कुठे?’ तो मोपाला उभा होता! एजंटाने दिलेल्या तिकिटावर ठळक अक्षरांत नुसते ‘गोवा’ होते. ‘जीओएक्स’ हा मोपाचा संकेत खाली इतक्या बारीक टायपात होता की चष्मा लावूनही तो माझ्या नजरेतून सुटला. (दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आहे, हे मला त्या दिवशी कळले.) मग झुआरी पूल, पणजी, पर्वरीतली वाहनांची रांग, म्हापसा, धारगळ असे करत मी पोचलो तेव्हा दोन तास उलटून गेले होते. मुंबईहून गोव्याला यायला त्याला लागला त्याहून अधिक वेळ मला गोव्यातल्या गोव्यात लागला.

मोपाला माझा विरोध नाही. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने तिथे नागरी उड्डाणांवर वेळेची बंधने आहेत आणि पेडणे-डिचोलीच्या लोकांना मोपाच सोयीचा आहे. परंतु काणकोण, सांगे, केपे इथल्या माणसाला पहाटेचे विमान मोपाहून असेल तर मध्यरात्रीच घर सोडावे लागते. म्हणून तिकिटावर ‘गोवा’ या शब्दाइतक्याच ठळक टायपात दाबोळी किंवा मोपा हे नाव छापणे विमान कंपन्यांना बंधनकारक करावे, आणि आपल्या दैनिकानेही विमानांच्या वेळा देताना विमानतळाचे नाव न चुकता द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मडगाव