जेटी झाली, पण डिझेल खाली न्यायचे कसे?

महोदय,

शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण अशा खाड्यांच्या काठी छोट्या जेट्या झाल्या, हे चांगलेच झाले. पण अनेक ठिकाणी डांबरी रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, संपतो, जेटी तळाशी असते आणि मधली घाटी, म्हणजे उभा उतार, तशीच राहते. मोठे ट्रॉलर मिरकरवाड्यासारख्या बंदरात डिझेल भरतात, त्यांना हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दोन-चार खलाशांच्या होड्यांचा, ज्यांचे डिझेल पंपावरून कॅनमध्ये येते आणि पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, डोक्यावरून खाली उतरते. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठते, तेव्हाच जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ सर्वांत जाड असते. म्हणजे सर्वांत जास्त फेऱ्या नेमक्या सर्वांत वाईट वाटेवर होतात.

वजनापासून सुरुवात करू. डिझेल लिटरमागे साधारण ८३० ते ८४० ग्रॅम भरते. ३५ लिटरचा निळा कॅन भरला की ३१ किलोच्या आसपास जातो. तो डोक्यावर असला की मान खाली घालून पायरी बघता येत नाही, आणि दोन्ही हातांत दोन कॅन असले तर कठडा धरायला हात उरत नाही. म्हणून एका माणसाने एका वेळी २० लिटरचा एकच कॅन न्यावा, तोही पट्ट्यांनी पाठीला बांधून, एक हात कायम कठड्यावर ठेवून. मोठा कॅन अर्धा भरून नेणे हा उपाय नव्हे. आतले डिझेल डचमळते आणि उतरताना नेमके पाऊल टाकायच्या वेळी पुढे ढकलते. त्यापेक्षा लहान कॅन भरलेला बरा. मात्र काठोकाठ नाही, वर वीसातला एक भाग मोकळा सोडून. उन्हात डिझेल फुगते आणि जागा नसली की झाकणातून पाझरून पाठीवर, तिथून पायरीवर येते. डिझेल लागलेली रबरी चप्पल आणि ओला जांभा एकत्र आले की काय होते, ते कोकणात कोणाला सांगायला नको.

दोघांनी दांडीला कॅन अडकवून नेण्याची पद्धतही आहे. उतारावर कॅन दांडीवरून घसरत खालच्या माणसाकडे जातो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. कॅन दांडीला घट्ट बांधावा, तोही मध्यावर नव्हे, वरच्या माणसाच्या थोडा जवळ.

खरा उपाय ढकलगाडीचा आहे. पायऱ्यांच्या कडेला दोन फूट रुंदीचा आडव्या खाचांचा उतार बांधला, तर २० लिटरचे चार कॅन एका खेपेत उतरतात. गाडीसह ९० किलो धरले, तर ३० अंशांच्या उतारावर गाडी जवळजवळ ४५ किलोच्या जोराने खाली ओढते. तो जोर हातांनी धरायचा नसतो. वर काँक्रीटमध्ये रोवलेला गुळगुळीत लोखंडी खुंट हवा. त्याला दोरीचे दोन पूर्ण वेढे द्यायचे आणि मोकळे टोक हळूहळू सोडत जायचे. मग एक माणूस सहज पेलतो. दोरी नायलॉनची, १२ ते १४ मिलिमीटरची आणि मधे एकही गाठ नसलेली. जाळ्याची जुनी पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोरी वापरू नये. खुंटावर घासून ती वितळते, चिकटते आणि मग झटक्याने सुटते. माडाला वेढा घेऊ नये, दोरी आणि माड दोन्ही सोलवटतात. गाडी उतरत असताना तिच्या खाली कोणी थांबायचे नाही. दिशा द्यायला काठी वापरायची आणि माणसाने बाजूने चालायचे.

आता पाईपबद्दल, कारण ‘वर टाकी, खाली तोटी’ ही कल्पना सगळ्यांनाच सुचते. ती वाईट नाही, पण जशी केली जाते तशी धोक्याची आहे. समजा घाटीची उंची २० मीटर आणि पाईपची लांबी ४० मीटर आहे. खालची तोटी बंद असताना पाईपच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोहून जास्त दाब बसतो. नुसत्या क्लिपने आवळलेला जोड एवढ्या दाबाने कधीतरी निसटतोच, आणि तो नेमका पाण्याजवळ असतो. बागेचा पीव्हीसी पाईप तर मुळीच नको. डिझेलने त्यातला मऊपणा निघून जातो, एका उन्हाळ्यात तो कडक होऊन तडकतो. आतून नायट्राइल रबर असलेला डिझेलचाच पाईप घ्यावा, जोड कमीत कमी ठेवावेत आणि प्रत्येक जोडाला दोन क्लिपा लावाव्यात.

पाईप किती जाडीचा घ्यायचा, इथे बहुतेक जण चुकतात. एक इंची पाईपमध्ये मीटरमागे अर्धा लिटर डिझेल राहते. वरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही त्या ४० मीटरमध्ये २० लिटर शिल्लक असते, आणि जोड निसटला तर ते सगळे खाडीत जाते. अर्ध्या इंची पाईपमध्ये हेच पाच लिटर होते. वेग कमी पडेल ही भीती फोल आहे: एवढ्या उंचीवरून अर्ध्या इंची पाईपनेही ३५ लिटर दोन-तीन मिनिटांत उतरतात.

वर लिव्हरचा बॉल व्हॉल्व्ह असावा आणि खाली दाबून धरला तरच उघडा राहणारा स्प्रिंगचा नोझल. त्याच्या खटक्याला लाकूड किंवा दगड अडकवून ठेवण्याची खोड मोडली पाहिजे. वरच्या व्हॉल्व्हच्या लगेच खाली हवा घेणारा छोटा नळ बसवावा. तो नसला तर वरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर डिझेल पाईपमध्येच लटकून राहते, पाईप चपटा होतो, आणि रिकामा समजून कोणी नोझल काढला की अंगावर येते. काम संपले की वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हवेचा नळ उघडायचा आणि उरलेले पाच लिटर कॅनमध्ये काढून घ्यायचे. रात्रभर भरलेला पाईप ठेवायचा नाही. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना दिसले पाहिजेत. वळण असेल तर शिट्टी. मोबाइल नको, ऐन वेळी रेंज जाते.

हा पाईप थेट होडीच्या टाकीत सोडू नये. जेटीच्या सपाट भागावर कॅन भरावा आणि तिथून हातपंपाने टाकीत घ्यावे. उधाणाला आपल्याकडे पाणी अडीच-तीन मीटर चढते-उतरते; होडीला बांधलेला पाईप ओहोटीबरोबर ताणला जातो. शिवाय ओहोटीला जेटीपासून होडीपर्यंत दुसरी घाटीच तयार होते. भरती पुरी होऊन पाणी थबकते तो अर्धा तास भरण्यासाठी उत्तम. नरसाळ्याला बारीक जाळी हवी, आणि कॅनच्या तळाचे दोन बोटे डिझेल ओतू नये. पावसाळ्यात पाणी आणि पायरीची माती तिथेच बसते.

सांडलेच तर सुकी वाळू, भुसा किंवा काथ्या टाकून उचलावे. साबणाचे पाणी ओतून तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल पाण्यात मिसळून खाडीतल्या शिंपल्यांपर्यंत, म्हणजे तिसऱ्या आणि कालवांपर्यंत, पोहोचते. ती काढायला ओहोटीला बायका तिथेच उतरतात.

वरचे सगळे डिझेलपुरते. पेट्रोल पाईपमधून कधीही सोडू नये. वाहताना स्थिर वीज साठते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने उतारावरून सरपटत होडीच्या तळात जाऊन बसते, जिथे कधी स्टोव्हही पेटलेला असतो. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार परवान्याविना स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, तेही २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डिझेलला ही सवलत २५०० लिटरपर्यंत आहे. बाहेरून लावायच्या मशीनची (आउटबोर्ड इंजिनाची) पेट्रोलची टाकी होडीत भरू नये. काढून जेटीवर, जमिनीला टेकवून, डब्याचे तोंड टाकीच्या तोंडाला चिकटवून भरावी. शेजारी पाण्याची बादली नव्हे, कोरड्या पावडरचा अग्निशामक ठेवावा.

जेटीचे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांकडे आमचे मागणे एवढेच: दोन्ही बाजूंना कठडा, दर दहा-बारा पायऱ्यांनंतर चार फुटांची सपाट जागा, गाडीचा उतार आणि वरचा खुंट हे जेटीच्याच कामात धरावे. आणि जुलैअखेर, होड्या पाण्यात जाण्याआधी, पायऱ्यांवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने काढण्याची एक ओळ देखभालीच्या खर्चात असावी.

— खाडीकाठचे काही तांडेल व इंजिन मिस्त्री, रत्नागिरी जिल्हा