दोन कंपन्या, दोन फॉर्म सोळा

सांगली, २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही कंपन्यांच्या फॉर्म सोळाच्या (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणाऱ्या दाखल्याच्या) पीडीएफ मिळाल्या. सोबत तू लिहिलंयस, "वीस हजार रिफंड दिसतोय, आजच रिटर्न भरून टाकतो." एवढी घाई करू नकोस. रिफंड नाहीच, उलट तुलाच ३२,७६० रुपये भरायचे आहेत, वर व्याज. कसे ते सांगते. कॉलेजच्या ऑफिसात पगारबिलं करण्यातच माझी नोकरी गेली, तेव्हा निदान या विषयात तरी माझं ऐकशील.

आधी पहिल्या कंपनीचा फॉर्म उघड. त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भागात तुझा पॅन, कंपनीचा पॅन आणि टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), आणि तिमाहीवार तक्ता: किती पगार दिला, किती कर कापला, किती सरकारजमा केला. खाली चलनांची यादी, प्रत्येक चलनाचा क्रमांक, भरल्याची तारीख, बँकेचा बीएसआर कोड. हा भाग कंपनीला स्वतः टाइप करता येत नाही, तो आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवरूनच उतरवून घ्यावा लागतो. आमच्या वेळी हे सगळं हातानं भरून, शिक्का मारून, साहेबांच्या सहीसाठी टेबलावर ठेवून यायचं, आणि जूनमध्ये सगळा स्टाफ खिडकीशी उभा. असो. 'अ' भागातला आकडा तुझ्या २६ एएसमधल्या (तुझ्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या खात्याच्या विवरणातल्या) आकड्याशी जुळतो का ते बघ. तुझा जुळतो, मी पाहिलं: २०,०२०. न जुळणं म्हणजे कंपनीनं कापला पण भरला नाही, किंवा भरला आणि पॅन चुकवला. तसं झालं तर पगाराच्या स्लिपा उपयोगी पडतात, कारण पगारातून कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ तेच सांगतं. म्हणून स्लिपा पुसून टाकत जाऊ नकोस.

'ब' भागही ट्रेसेसवरूनच उतरवतात, पण त्यातला हिशोब कंपनीनं कळवलेला असतो. एकूण पगार, त्यातून प्रमाणित वजावट (पगारदाराला मिळणारी ठरावीक रकमेची वजावट), मग करपात्र उत्पन्न, मग कर. आणि तुझा घोटाळा इथेच आहे.

२०२४ च्या एप्रिल ते सप्टेंबर तू दरमहा ८०,००० वर होतास. पहिल्या कंपनीनं धरलं की तू वर्षभर तिथेच राहणार: ९,६०,०००, वजा ७५,०००, म्हणजे ८,८५,०००. त्यावर सेस (करावरचा उपकर) धरून वर्षाचा कर ४०,०४०. सहा महिन्यांत त्यातला निम्मा, २०,०२०, कापून भरला. मग तू राजीनामा दिलास. फॉर्म करताना त्यांच्याकडे तुझा पगार फक्त ४,८०,०००, वजावटीनंतर ४,०५,०००. २०२४-२५ च्या नियमांनी सात लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए ची पूर्ण सूट, कर शून्य. तो कागद एकटा वाचला तर तुझे वीस हजार परत येणार असंच वाटणार.

दुसऱ्या कंपनीत ऑक्टोबर ते मार्च १,००,००० दरमहा, सहा लाख. त्यांनीही पूर्ण ७५,००० वजा केले, ५,२५,००० उरले, पुन्हा सात लाखांच्या आत, पुन्हा शून्य. कर कापलाच नाही, म्हणून त्यांनी नुसता 'ब' भाग पाठवलाय. त्यात पगाराच्याच रकान्यांत एक ओळ बघ: इतर ठिकाणाहून मिळालेला पगार. तिथे ०.०० आहे. रुजू होताना १२बी नावाचा फॉर्म भरून आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर कळवायचा असतो. एचआरनं ऑफर लेटरबरोबर पाठवलेल्या ढीगभर लिंकांमध्ये तो असणार, आणि तू तो उघडला नसणार.

आता दोन्ही एकत्र कर. १०,८०,०००. प्रमाणित वजावट एकदाच मिळते, प्रत्येक कंपनीमागे एक नाही. उरले १०,०५,०००. २०२४-२५ च्या दरांनी पहिल्या तीन लाखांवर काही नाही. तीन ते सात लाखांवर पाच टक्के, २०,०००. सात ते दहा लाखांवर दहा टक्के, ३०,०००. वरच्या पाच हजारांवर पंधरा टक्के, ७५०. झाले ५०,७५०, त्यावर चार टक्के सेस २,०३०. एकूण ५२,७८०. कापलेले २०,०२० वजा केले की ३२,७६०.

तू रिफंड मागून रिटर्न भरलं असतंस तर लगेच काही झालं नसतं. पण दोन्ही कंपन्यांची विवरणं तुझ्या पॅनवर खात्याकडे आहेतच, आणि काही महिन्यांनी नोटीस आली असती. ती वाचताना तुझं तोंड कसं झालं असतं, ते मला इथे सांगलीत बसून दिसतंय.

हा सगळा हिशोब नव्या करपद्धतीचा. जुनी करपद्धत घेतली तर वाचेल का, हेही पाहिलं. पगारदाराला रिटर्न भरताना पद्धत बदलता येते. पण तुझ्या पगारावर जुनी पद्धत फायद्याची ठरायला सगळ्या वजावटी मिळून साधारण ३,८९,००० च्या वर जायला हव्यात. पन्नास हजार प्रमाणित, व्यवसाय कर अडीच हजार, ८०सी चे (पीएफ, विमा वगैरे बचतीचे) दीड लाख पूर्ण धरले (तुझे पूर्ण नाहीतच), तरी घरभाड्यापोटी १,८६,००० हून जास्त सूट लागते. तुम्ही तिघं मिळून घेतलेल्या फ्लॅटच्या भाड्यात ती बसत नाही. नवीच राहू दे. आणि हो, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले म्हणून विचारत होतास ना, तो हाच व्यवसाय कर: महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. नव्या पद्धतीत त्याची वजावट मात्र नाही.

रिटर्नची मुदत यंदा १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवलीय, पण तिच्यावर विसंबू नकोस. कलम २३४बी चं व्याज एप्रिलपासून दरमहा एक टक्का चालू आहे, मुदतवाढीनं ते थांबत नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये स्वनिर्धारण कर (आपणच हिशोब करून भरायचा कर) निवड, आणि निर्धारण वर्ष (पगाराच्या वर्षानंतरचं वर्ष) २०२५-२६ टाक. लोक इथे हमखास २०२४-२५ टाकतात, कारण पगार त्या वर्षाचा असतो. मग पैसे भलत्याच वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात आणि ते हलवायला अर्ज करत बसावं लागतं. चलनाची पावती ठेव, आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म भर, बचत खात्याचं व्याज एआयएसमधून (खात्याकडे असलेल्या तुझ्या उत्पन्नाच्या विवरणातून) बघून त्यात धर (त्यानं कर थोडा वाढेल), आणि तीस दिवसांत ई-व्हेरिफाय कर. ते राहिलं तर भरलेलं रिटर्न नसल्यासारखंच.

एप्रिल २०२५ पासून नियम बदललेत. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर कर शून्य, त्यामुळे महिना लाखाच्या पगारावर तुझा यंदा काही कापला जाणार नाही. दिवाळीनंतर पुन्हा नोकरी बदलायचं तुझ्या मनात आहे असं बाबा म्हणत होते. बदल, पण १२बी पहिल्याच आठवड्यात दे. पैसे कमी पडत असतील तर सांग, बाबांना न सांगता पाठवीन.

तुझी,
आई