तिसरा फोटोही छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या लग्नसराई पुरवणीत गेल्या रविवारी ‘१५ दिवसांत ६ किलो’ असा अर्धं पान मजकूर होता. सकाळी काकडी घातलेलं पाणी, दुपारी कोबीचं सूप, रात्री पपईच्या चार फोडी आणि शेजारी एका मुलीचे दोन फोटो, आधीचा नि नंतरचा. सोमवारी मी दुकानाचं शटर वर करते तोवर तेच पान घडी घालून पर्समध्ये ठेवलेली एक नवरी मुलगी पायरीवर उभी. म्हणाली, “काकी, माप आजच घ्या, पण शिवताना दोन इंच कमी धरा. तारखेपर्यंत मी उतरतेच की!”

मी सांगलीत हरभट रोडच्या मागे २८ वर्षं बायकांचे ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. आहारातलं शास्त्र मी शिकलेली नाही, पण माझ्याकडे मापाच्या वह्या आहेत. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालच्या फळीवरच्या वह्यांचा लगदा झाला, मशीनची मोटर गेली ती वेगळीच. वरच्या फळीवरच्या तेवढ्या वाचल्या. त्यांत तारखेनिशी प्रत्येकीची छाती, कंबर, मुंढा, दंड, बाहीची उंची सगळं आहे. माप घेताना बायका पोट आत ओढतात, ते मला माहीत आहे. मी त्यांना बोलतं ठेवते, सासरची चौकशी करते. बोलताना पोट आत राहत नाही.

नवरीचं माप माझ्याकडे वर्षात तीनदा तरी येतं. वैशाखात लग्नाचा शालू, श्रावणात पहिली मंगळागौर आणि संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांबरोबरची काळी साडी. एक पान आत्ता समोर उघडं आहे, नाव अर्थातच सांगणार नाही. बस्ता झाला तेव्हा छाती ३७, कंबर ३३. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा ३५ आणि ३०. ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता म्हणून रडतच आली होती, रात्री अकरापर्यंत बसून आत घेतला. मंगळागौरीला ३६ आणि ३२. संक्रांतीला ३८ आणि ३४. मध्ये दिवस गेले होते असंही नाही, तसं असलं की मी वहीत खूण करते, ते माप यात धरत नाही. अशी पानं ओळीनं आहेत. उतरलेल्या मापावर वर्षभर टिकलेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

म्हणून तर आम्ही माया सोडतो. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जे जादा कापड ठेवतात त्याला आमच्यात माया म्हणतात. मी दीड इंच ठेवते आणि अर्ध्या अर्ध्या इंचावर टिपा मारते. अंग भरलं की आतली टीप उसवायची, ब्लाऊज अर्धा इंच मोकळा. माया कापून टाकलेला ब्लाऊज एकदा घट्ट झाला की संपला.

ही गोष्ट मला कळते, तरी माझी स्वतःची माया मी कापली. २०१८ साली मुलीचं लग्न होतं. माझं वय ४६, वजन ७४ किलो. ओळखीतल्या एका बाईंनी पावडरीचा डबा आणून दिला. सकाळी नि रात्री पाण्यात कालवून प्यायची, दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी. दहाव्या दिवशी भाकरीही अर्धी केली, कारण काटा हलत होता आणि मला चढली होती. २१ दिवसांत साडेसहा किलो गेले. हळदीला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, वय दहा वर्षांनी उतरलं. पैठणीचा ब्लाऊज साडीतल्याच कापडाचा होता. आत घेतल्यावर बाजूला चार पदरी जाड शिवण दिसायला लागली, फोटोत वाईट दिसेल म्हणून मी कात्री घेतली आणि माया साफ काढली. २८ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला मी असं केलेलं नाही.

त्या २१ दिवसांतलं एक कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री झोप यायची नाही. मी मोबाइलवर पुरणपोळीचे व्हिडिओ बघत पडायची. पुरणपोळी मला येते हो, पन्नास माणसांची केलेली आहे. तरी एकामागून एक बघत राहायची, पुरण शिजतंय, वाटलं जातंय, पोळी तव्यावर फुगतेय. दुकानात मदतनीस मुलगी संध्याकाळी भडंग खायची तेव्हा तिच्या कागदावरचे शेंगदाणे मी मोजायची. लग्न पार पडलं आणि मी खायला लागले ते थांबेना. पोट भरल्याचं कळायचंच नाही. तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. पुढच्या संक्रांतीला वजन ७७. पैठणी कपाटात आहे, तिचा ब्लाऊज मला होत नाही आणि त्या पोताचं कापड आता कुठून आणायचं?

मला वाटायचं आपलाच लोचटपणा. माझी भाची आहारशास्त्र शिकते. दिवाळीत आली होती, कापायच्या टेबलावर बसून तिनं मला एक जुनी हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमारीतून आलेल्या माणसांना पुन्हा कसं जेवू घालायचं ते शोधायचं होतं. त्या मुलांचं वजन पावपट उतरलं. आणि ती मुलं काय करत होती? पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटातला घास तासभर पुरवून खायची. प्रयोग संपल्यावर त्यांना खाण्याचा आवर राहिला नाही, अंगावर चरबी आधीपेक्षा जास्त चढली. रोजचं त्यांचं खाणं होतं सुमारे १५७० कॅलरी. माझा पावडरीचा हिशोब भाचीनं मांडला तर तो त्याच्या निम्म्यावरच आला. पुरणपोळीच्या व्हिडिओंची लाज तेव्हा जरा कमी झाली.

मग मी तिला आपल्या पुरवणीतलं पान पाठवलं आणि फोनवर विचारलं, १५ दिवसांत ६ किलो खरंच जातात का? ती म्हणाली, काटा दाखवेल, पण चरबी किती ते तूच मोज. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. बाईला दिवसाला १८०० लागतात आणि ती ६०० वर राहिली असं धरा. रोज १२०० ची तूट, १५ दिवसांत १८,०००. म्हणजे चरबी जाणार सव्वादोन किलो आणि थोडी वर, तीही सगळी तूट चरबीतूनच भरली तर. मग उरलेले साडेतीन किलो? पाणी, थोडं स्नायूंचं मांस आणि रिकामं आतडं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं तोडलं की पहिल्या काही दिवसांत तो साठा आणि त्याचं पाणी जातं. जेवायला बसलं की परत येतं.

पाण्याचं मला निराळं समजवायला नको. आमचे थोरले भाऊ तालमीतले. मैदानाआधी वजन तोडायचं म्हणून घोंगडी पांघरून पळायचे, पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत, आणि वजन देऊन आले की संध्याकाळपर्यंत तीन किलो परत. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरली आणि फायनलच्या दिवशी बाद झाली, तेव्हा सगळा देश विचारत होता की रात्रीत असं कसं वाढतं. भाऊ नुसतेच टीव्ही बंद करून उठून गेले.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, मी ‘हळूहळू करा म्हणजे टिकतं’ हे सांगायला पत्र लिहिलंय. मीही गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं तेच सांगत आले. भाचीनं तेही मोडून काढलं. मेलबर्नला दोनशेजणांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली लॅन्सेटच्या मधुमेहाच्या मासिकात आला. निम्म्यांनी १२ आठवड्यांत झपाट्यानं वजन उतरवलं, निम्म्यांनी ३६ आठवडे घेऊन सावकाश. ठरवलेल्या वजनावर पोचले ते झपाट्यानं उतरवणारेच जास्त. आणि पुढच्या तीनएक वर्षांत? दोन्ही गटांचं उतरलेल्यातलं ७० टक्क्यांहून जास्त वजन परत आलं. सारखंच. मी अर्धा दिवस चिडून होते, कारण इतकी वर्षं दिलेला फुकटचा सल्ला खोटा पडला.

तिनं आणखी एक सांगितलं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मधुमेह झालेल्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने फक्त ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवलं. वर्षानंतर १०० तल्या ४६ जणांची साखर औषधाशिवाय आटोक्यात होती. दोन वर्षांनी ३६ जणांची. म्हणजे कडक आहार हा काही गुन्हा नव्हे. पण तिथे सूप-पावडर संपल्यावर माणसाला सोडून दिलं नव्हतं. एकेक पदार्थ ताटात परत कसा आणायचा हे शिकवलं, दर महिन्याला बोलावलं, वजन वाढायला लागलं की पुन्हा हाताशी घेतलं. मला पावडर देणाऱ्या बाईंनी २२ व्या दिवशी विचारलं ते एवढंच, की मुलीच्या सासूबाईंना डबा हवाय का?

हाच माझा मुद्दा आहे. खाली उतरायचे जिने हजार आहेत, खाली पोचल्यावर राहायचं कुठे ते कुणी सांगत नाही. आणि शरीर तिथे सुखानं राहू देत नाही. अमेरिकेत टीव्हीवर वजन घटवण्याची एक स्पर्धा व्हायची, तिच्यातल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी ५८ किलो उतरवलं होतं, ४१ किलो परत आलं होतं. आणि त्या वजनाच्या माणसाचं शरीर बसल्या जागी जेवढ्या कॅलरी जाळेल, त्यापेक्षा यांचं रोज पाचशेनं कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही. दोन-अडीच भाकरींचा फरक झाला हा! शेजारच्या बाईइतकंच खाऊन यांचं वजन वाढणार आणि लोक म्हणणार, चोरून खाते.

वजन उतरवूच नये असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी असं डॉक्टर सांगतात, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि माझ्या वहीत त्या आतलं पान शोधावं लागतं. उतरून टिकलेल्यांतल्या एक प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत. त्यांचं माप ४० वरून ३७ वर यायला दोन वर्षं लागली, आता चार वर्षं ३७ आहे. काय केलं विचारलं तर त्यांनाच धड सांगता येईना. रोज पहाटे आमराईत तासभर चालतात, संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी बंद केली, रात्री आठनंतर स्वयंपाकघरातला दिवा लावत नाहीत आणि दर सोमवारी काट्यावर उभ्या राहतात. आमरस खातात, दिवाळीचा फराळ खातात. पुरवणीत छापावं असं त्यात काही नाही, फोटो तर नाहीच नाही, दोन वर्षांत त्या कधी बदलल्या ते आम्हालाही कळलं नाही.

तर संपादक महाशय, माझी मागणी लहान आहे. पुढच्या वेळी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो कुणी पाठवले, तर त्यांच्याकडे तिसरा मागा. वर्षानंतरचा. तो दिला तर खुशाल पानभर छापा. देता येत नसेल तर त्या मजकुराखाली एवढं तरी लिहा की हे माप लग्नाच्या दिवसाचं आहे. आणि अशा मजकुराशेजारी एक चौकट डॉक्टरांची असू द्या. झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हे माझ्या एका गिऱ्हाइकाला मिरजेत ऑपरेशन झाल्यावर कळलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईनं हा कोबीचा प्रकार डॉक्टरांना न विचारता केला, तर साखर एकदम खाली जाऊन ती चक्कर येऊन पडायची.

माझं नाव छापू नये ही विनंती. वहीतल्या बायका आपला पेपर वाचतात आणि स्वतःचं माप ओळखतात.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, सांगली

ता. क. त्या मुलीचं माप मी आहे तेच धरलंय, तिला सांगितलेलं नाही. शालूतलं कापड कमी निघालंय, तरी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच बसवलं, त्यापायी मागचा गळा तिनं दाखवलेल्या फोटोपेक्षा थोडा लहान होईल. ट्रायल पुढच्या गुरुवारी आहे. तेव्हा भांडायला येईलच.