किती वॅटचा घेऊ, या प्रश्नाला उत्तर न दिल्याबद्दल

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

अ‍ॅम्प्लिफायर बदलून झाला. स्पीकर जुनेच ठेवले. आभार तोंडी मानायला आलो असतो, तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलला असतात, म्हणून लिहूनच काढतोय. आणि पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या कोणाच्याही कामाचं आहे.

मी आलो होतो ते ‘किती वॅटचा घेऊ?’ एवढंच विचारायला. दुकानात सगळे हेच विचारतात आणि तिथे उत्तरही लगेच मिळतं. तुम्ही मात्र मला स्पीकरच्या मागची पट्टी वाचायला लावलीत. तिच्यावर ८५ डेसिबल आणि ८ ओहम, एवढंच. पुढचं सगळं या दोन आकड्यांतूनच निघालं.

८५ डेसिबल म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर येणारा आवाज. ८८ डेसिबलचा स्पीकर तेवढंच वाजायला निम्मे वॅट घेतो. उलट बाजूने पाहिलं तर ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून ६० वॅटचा आणला तरी वाढणार फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचं तर साधारण १० डेसिबल हवेत, म्हणजे वॅट दसपट! जाहिरातीतले वॅट पाहून हरखणाऱ्या माणसाला एवढा हिशेब पुरे. ‘पीएमपीओ’ (क्षणभराची, फुगवून सांगितलेली कमाल ताकद) लिहिलेल्या आकड्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे छापत नाही.

८ ओहमची गोष्ट जास्त खोल निघाली. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अवरोध करतो त्याचं माप; पण हा आकडा नावापुरता असतो, प्रत्यक्षात अवरोध सुरागणिक बदलतो, हे तुम्ही स्पीकरच्या अवरोधाच्या आलेखावर बोट ठेवून दाखवलंत. खर्जात एक उंच डोंगर, आणि त्याच्या पलीकडे, जिथे बहुतेक संगीताचा जीव असतो तिथे, रेघ ३.६ ओहमपर्यंत उतरलेली. तेवढ्याच व्होल्टला तिथे दुपटीहून जास्त करंट लागतो. माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर तापायचा आणि मधेच ‘प्रोटेक्शन’मध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला, गप्प बसायचा, तो का, हे तेव्हा कळलं. आत वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर बारका, ती साठवणारे कपॅसिटर छोटे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून नवा निवडताना ८ ओहमचे वॅट किती, यापेक्षा ४ ओहमला ते किती होतात, हे बघायचं. ५० चे ८०-९० होत असतील तर पॉवर सप्लायमध्ये दम आहे. ५० चे जेमतेम ५५ होत असतील, किंवा ४ ओहमचा आकडा छापलेलाच नसेल, तर माझ्या स्पीकरसाठी तो सोडून द्यायचा.

पण मला सगळ्यात आवडला तो मल्टिमीटरचा, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरचा, प्रयोग. आम्ही ऐकतो त्यातलं सगळ्यात मोठ्याने वाजणारं ध्वनिमुद्रण लावून, आवाज आम्ही जास्तीत जास्त जिथे नेतो तिथे नॉब ठेवायला सांगितलंत. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवल्या, पुन्हा चालू करून उणे १२ डेसिबलला (कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) मुद्रित केलेला ५० हर्ट्झचा सूर लावला आणि टर्मिनलवरचे एसी व्होल्ट मोजले. आले ५. उणे १२ डेसिबल म्हणजे व्होल्ट एक चतुर्थांश, तेव्हा मुद्रणाच्या कमाल पातळीला लागणार २० व्होल्ट. वीसचा वर्ग ४००, भागिले ८, म्हणजे ५० वॅट. जुना होता ३० वॅटचा, म्हणजे साडेपंधरा व्होल्टच्या आसपास त्याची धाव संपणार. डग्ग्याची जोरदार थाप आली की आवाज फाटतोय असं मला वाटायचं आणि घरचे माझ्या कानांवर शंका घ्यायचे. मीटरने निकाल माझ्या बाजूने दिला. (वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: हा प्रयोग ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवरच. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित, असंच सगळे धरून चालतात. तुम्ही ऑसिलोस्कोपवर (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर), धाव संपली की लहरीची टोकं कशी कापली जातात ते दाखवलंत आणि त्या कापाकापीतून वरच्या पट्टीतली ऊर्जा कशी वाढते, ती सगळी बिचाऱ्या ट्विटरच्या (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) वाट्याला कशी येते, ते समजावलंत. माझे ट्विटर शाबूत राहिले हे नशीबच.

तारांवर फार वेळ घालवू दिला नाहीत, तेही बरं झालं. साधी तांब्याची, पुरेशी जाड, दोन्हीकडे लाल ते लाल. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेने हलतात का ते बघितलं, आणि विषय संपला.

दोन अ‍ॅम्प्लिफायर निवडून आणले तेव्हा मात्र तुम्ही कडक मास्तरीण झालात. दोघांचे व्होल्ट मीटरवर बरोबर जुळल्याशिवाय ऐकूच दिलं नाहीत, कारण किंचित मोठं वाजणारंच कानाला चांगलं वाटतं. पातळी जुळवल्यावर दोघांतला फरक इतका कमी राहिला की निर्णय ४ ओहमच्या आकड्यावर आणि कोणता कमी तापतो यावर झाला. ध्वनीच्या बाबतीत ‘मला स्पष्ट फरक कळतो’ म्हणणाऱ्यांपैकी मी एक; तरी सांगतो, डोळे बांधून मला ओळखता आले नसते.

आता डग्गा घुमतो आणि फाटत नाही. आवाज पूर्वीपेक्षा मोठा लावत नाही आम्ही, उलट थोडा कमीच. तानपुऱ्याची जवार गाण्याच्या मागे शेवटपर्यंत ऐकू येते, यावर घरात एकमत आहे, आणि आमच्या घरात एकमत ही दुर्मिळ वस्तू आहे.

स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायचं काम तेवढं राहिलंय. कोपऱ्यातला खर्ज फुगतो हे मान्य, पण तिथे पुस्तकांचं कपाट आहे आणि त्याच्या मालकिणीशी बोलणी चालू आहेत. ती जमली की मोजायला बोलावतो. मीटर तुमचाच आणा, माझ्यातली बॅटरी संपली आहे, म्हणजे मीटरमधली.

मनापासून आभार.

तुमचा,
जुन्याच स्पीकरांवर खूश असलेला एक श्रोता