अंदाज कोकणचा, पाऊस पूर्वेचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या दैनिकात कोकण किनारपट्टीचा सविस्तर हवामान अंदाज प्रसिद्ध झाला आणि तो मराठवाडा आवृत्तीतही जसाच्या तसा आला. समुद्र कितपत खवळलेला राहील, मच्छीमारांनी नौका केव्हा बाहेर काढाव्यात, रायगड-रत्नागिरीला कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचा इशारा आहे, हे सारे त्यात होते आणि नेटके होते. मराठवाड्याच्या वाट्याला शेवटची एक ओळ आली, ती म्हणजे तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. जागा कमी मिळाली म्हणून माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, पावसाळ्याच्या या उत्तरार्धात मराठवाड्यातील वाचकाला ज्या किनारपट्टीचा अंदाज हवा असतो ती उत्तर आंध्र आणि दक्षिण ओडिशाची आहे, आणि तिचे नावही आपल्या पानावर सापडत नाही.

जून-जुलैत कोकणाकडे पाहणे समजू शकते. त्या दिवसांत अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला अडते, कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पाडते आणि घाट उतरून आपल्याकडे येणारा वारा बराचसा कोरडा झालेला असतो. म्हणूनच पर्जन्यछायेतल्या आपल्या आठ जिल्ह्यांची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास राहते. सप्टेंबरात मात्र पश्चिमेचे वारे मंदावू लागतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, त्यांतली काही तर प्रशांत महासागरातल्या वादळांचे अवशेष व्हिएतनाम-थायलंड ओलांडून आल्यामुळे जोर धरतात, आणि किनारा ओलांडल्यावर ती तेलंगण-विदर्भामार्गे आपल्या दिशेने सरकू लागतात. नकाशा समोर घेतला की ही गोष्ट चटकन लक्षात येते. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातले कलिंगपट्टणम आणि आपले लातूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि दोहोंमधले अंतर सुमारे आठशे किलोमीटर आहे. रत्नागिरी लातूरपासून त्याच्या निम्म्या अंतरावर असली तरी सप्टेंबरअखेरचे आपले आभाळ बहुधा त्या दूरच्या किनाऱ्यावरूनच भरून येते. कमी दाबाची अशी प्रणाली तासाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने चालली, तर ती लातूर-नांदेडवर यायला साधारण दोन दिवस लागतात.

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ याच कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. त्याचा जोर ओसरत गेला, पण उरलेली प्रणाली तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर आली आणि २७ व २८ तारखेला बीड, लातूर, धाराशिव जिल्ह्यांत जो पाऊस झाला त्याने मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले व नदीकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. (तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, तेथे ‘शाहीन’ या नावाने पुन्हा वादळ झाले आणि ओमानला जाऊन धडकले.) त्याच्या आदल्या वर्षी १३ ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेल्या प्रणालीने हैदराबाद बुडवले आणि पाठोपाठ सोलापूर-धाराशिवकडची शेते. २०२४ मध्ये ऑगस्ट संपता संपता पुन्हा कलिंगपट्टणमजवळच एक प्रणाली किनाऱ्याला लागली. विजयवाड्याची दैना सगळ्या देशाने पाहिली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत नांदेड, हिंगोली, परभणीची पाळी आली. या तिन्ही वेळी पूर्व किनाऱ्यावरचे इशारे आधीच जाहीर झालेले होते. ते आपल्या वाचकांपर्यंत वेळेत पोहोचायला हवे होते.

इशारा मिळाल्यापासून पाऊस येईपर्यंतच्या या दोन दिवसांत शेतकरी काय करू शकतो, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे सोयाबीनची पाने गळून शेंगा वाळलेल्या असतात. काढणी लांबवावी तर उन्हाने शेंगा तडकून दाणे मातीत जातात. काढावी आणि पाऊस आला तर कापून पसरलेल्या पेंढ्या भिजतात आणि दोन दिवसांत शेंगेतल्या शेंगेत मोड फुटतात. मजूर गुत्त्याने (म्हणजे उक्त्या कामावर) ठरलेले असतात, त्यांना आज नको म्हटले तर पुन्हा आठ दिवस मिळत नाहीत. मळणीयंत्राचेही तेच. अशा वेळी परवा संध्याकाळपासून मोठा पाऊस आहे, एवढे पक्के कळले तरी निर्णय बदलतो. काढलेले असेल ते गोळा करून त्याची बनीम (गंजी) बांधावर किंवा चढावर लावता येते, खाली लाकडे व काड्या टाकून वर ताडपत्री ओढता येते, आणि उभे असेल ते तसेच उभे ठेवता येते, कारण उभ्या पिकावरचे पाणी निथळून जाते, पसरलेल्या पेंढीतले जात नाही. भिजलेला माल मोंढ्यात नेला की आडत्या आधी ओलावा मोजतो. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्क्यांची मर्यादा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल केली, पण तोवर गरजूंचा माल पडेल भावाने विकून झाला होता.

पीकविम्याची गोष्टही येथे नमूद करणे भाग आहे. खरीप २०२५ मध्ये राज्यात विम्याची भरपाई पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरवण्याचे धोरण आले. हा प्रयोग उभ्या पिकात होतो. त्यामुळे काढणीनंतर शेतात भिजलेली, वाहून गेलेली किंवा बुरशी लागलेली बनीम त्या आकड्यात कोठेच येत नाही. म्हणजे काढणी केव्हा करायची, या एका निर्णयाची सगळी जोखीम आता शेतकऱ्याच्याच डोक्यावर आहे, आणि म्हणून अंदाजाचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि अशा मंडळांची यादी दुसऱ्या दिवशी आपण पहिल्या पानावर ठळक छापता. पंचनाम्याला ती उपयोगी पडते हे खरे. पण ती वाचून कोणाचे सोयाबीन वाचत नाही.

आणखी एका मथळ्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पश्चिम राजस्थानातून नैऋत्य मान्सूनच्या परतीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे आणि मुंबईतून ८ ऑक्टोबर. राजस्थानातून परतीला सुरुवात झाल्याची बातमी दरवर्षी ‘मान्सून परतीच्या वाटेवर’ अशा अक्षरांत येते, आणि गावाकडे तिचा अर्थ पाऊस संपला असा घेतला जातो. २०२५ मध्ये ही परती तीन दिवस आधीच, १४ सप्टेंबरला सुरू झाली होती. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत धाराशिव, बीड, जालन्यासह जवळजवळ सगळ्या मराठवाड्यात काय झाले आणि सीनेच्या पुराने परंडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने कसे बाहेर काढावे लागले, हे आपल्याच बातमीदारांनी लिहिले आहे. आमच्याकडचा पावसाळा हस्ताशिवाय संपत नाही, हे जुनी माणसे जाणून असतात. मथळा देणाऱ्यानेही ते ध्यानात घ्यावे.

तेव्हा कोकणाचा अंदाज मराठवाडा आवृत्तीतून काढूनच टाका, असे कोणी सुचवले तर तेही मला मान्य नाही. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरी आहे. नाशिक-अहिल्यानगरच्या घाटमाथ्यावर पाऊस झाला, गंगापूर, दारणा, भंडारदरा भरून पाणी खाली सुटले, तरच पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, ते येते, आणि गोदाकाठच्या गावांना पुराची धास्तीही तिकडूनच असते. त्यामुळे किनारपट्टीच्या अंदाजातला घाटमाथ्याचा भाग आम्हाला हवाच आहे. मांजरा आणि तेरणा यांचे तसे नाही. त्या येथल्याच पावसावर भरतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचे मांजरा धरण त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने भरले. पूर्वेच्या पावसाला नुसता वैरी मानून चालत नाही, कारण रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची ओल आणि पुढच्या उन्हाळ्याचे पिण्याचे पाणी तोच देतो; तो केव्हा येणार आणि उघडीप किती दिवस मिळणार, हे आधी कळावे एवढीच अपेक्षा आहे.

यासाठी आपल्याला नवे काही उभारावे लागणार नाही. हवामान खाते विदर्भाचा अंदाज नागपूरहून आणि कोकण, मध्य महाराष्ट्र व मराठवाडा या तिन्ही उपविभागांचा मुंबईहून देते. बातमी मुंबईत लिहिली गेली की खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राला अधिक जागा मिळणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु त्याच खात्याच्या पत्रकात जिल्हावार इशारे असतात, उपसागरातील प्रणालींची स्थिती व संभाव्य मार्ग रोज दिलेला असतो, आणि दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्लाही येतो. दुपारनंतरच्या विजांसाठी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे, पण ते हाताशी असलेल्या मोबाइलवर आणि रेंजवर अवलंबून. पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते तेथे छापील ओळच उपयोगी पडते.

माझी विनंती अशी आहे की, १५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात मराठवाडा आवृत्तीच्या हवामान चौकटीत रोज चार ओळी राखून ठेवाव्यात. उपसागरात प्रणाली आहे की नाही, असल्यास ती कोणत्या किनाऱ्याला केव्हा लागेल, आठांपैकी कोणत्या जिल्ह्यांना कोणत्या दिवशी इशारा आहे, आणि त्यानंतर सलग उघडीप किती दिवस दिसते, एवढेच त्यांत असावे. प्रणाली नसेल त्या दिवशी ‘नाही’ असे स्पष्ट छापावे, कारण मळणीवाल्याला बोलावायचे की नाही हे त्यावरच ठरते. शुक्रवारच्या अंकात विद्यापीठाचा सल्ला आदल्या मंगळवारचा न देता त्याच दिवशीचा देणे वेळेअभावी शक्य नसेल, तर निदान तो शनिवारी यावा. सध्या तो कित्येकदा रविवारच्या पुरवणीत येतो, तोपर्यंत शनिवारच्या आठवडी बाजाराला आलेले मजूर ठरवून झालेले असतात.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर